स्विस घरातली रायफल चोरासाठी नसते

बंदूक परवान्यांचा वाद निघाला की एक संदेश हमखास फिरतो: ‘स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक आहे, म्हणून तिथे चोर घरात शिरायला धजावत नाहीत. लोकांना शस्त्रं द्या, गुन्हे आपोआप घटतील.’ तिथे बंदुका भरपूर आहेत आणि खून कमी होतात, एवढं खरं. बाकीचं तपासलं की गळून पडतं.

‘घरोघरी’ हीच मुळात अतिशयोक्ती. जगभरातल्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे दर १०० माणसांमागे सुमारे २८ बंदुका होत्या, अमेरिकेत १२०. शिवाय शौकीन आणि नेमबाजांकडे एकेकाकडे अनेक असतात, तेव्हा जितक्या बंदुका तितकी घरं, असं होत नाही.

सैन्याने दिलेल्या रायफलींची गोष्ट वेगळीच. सक्तीच्या सैन्यसेवेमुळे सैनिक आपली एसआयजी ५५० रायफल घरी नेऊ शकतो. पूर्वी सोबत ५० काडतुसांचा सीलबंद डबा मिळे. तो परत घेण्याचा निर्णय २००७ मध्ये झाला. स्वयंचलित बंदुकीचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) वेगळा काढून कुलपात ठेवायचा, असा नियम आहे. म्हणजे रात्री दार वाजलं तर आधी कुलूप उघडा, बोल्ट शोधा, बसवा, आणि सैन्याची काडतुसं तर घरात नाहीतच! सेवा संपल्यावर रायफल ठेवायची असेल तर परवाना लागतो आणि तिची स्वयंचलित मारा करण्याची सोय काढून टाकतात.

‘कुणीही दुकानात जाऊन घेऊ शकतो’ हेही त्याच संदेशाचं शेपूट. पिस्तूल घ्यायचं तर कँटनकडून, म्हणजे तिथल्या प्रांताकडून, खरेदी-परवाना काढावा लागतो. वय किमान १८ हवं, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते, आणि स्वतःला किंवा इतरांना धोका करील असं वाटलं तर अर्ज फेटाळतात. परवाना सहा महिने चालतो. शिकारीच्या काही साध्या बंदुकांना तो लागत नाही, पण लेखी करार करावाच लागतो. संदेश लिहिणाऱ्यांना नेमकी हीच सूट तेवढी ठाऊक असते.

खरी मेख आहे ती बंदूक जवळ बाळगण्यात. त्यासाठी वेगळा परवाना आहे. प्रत्यक्ष धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं, शस्त्र हाताळणीची आणि कायद्याची परीक्षा द्यावी लागते, आणि मुदत पाच वर्षांची. सामान्य माणसाला तो क्वचितच मिळतो. मिळतो तो बहुधा सुरक्षारक्षकांना. नेमबाजीच्या मैदानावर जातानाही बंदूक रिकामी हवी, मॅगझिनमध्येसुद्धा काडतूस नको. ‘स्वसंरक्षणासाठी कमरेला पिस्तूल’ म्हणून ज्याची तारीफ होते, तो तिथे परवान्याशिवाय गुन्हा ठरतो.

आत्महत्यांबद्दल संदेश गप्प आहे. स्वित्झर्लंडमध्ये बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत बहुसंख्य आत्महत्याच असतात. २००३-०४ च्या सुधारणेत सैन्य जवळपास निम्मं झालं आणि त्याबरोबर घरातल्या रायफलीही घटल्या. त्यानंतर १८ ते ४३ वयाच्या पुरुषांमधल्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्या. अभ्यासकांच्या हिशेबानुसार या घटीपैकी फक्त २२ टक्क्यांच्या आसपास आत्महत्या दुसऱ्या मार्गांकडे वळल्या. काही मिनिटांच्या आवेगात हाताशी काय आहे, यावर किती अवलंबून असतं ते यातून कळतं.

आणि जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल मिळतच नाही, तरी तिथे खून अत्यल्प. बंदुकांनी गुन्हे घटतात हे सूत्र तिथे कसं लावणार?

स्वतः स्विस मतदारांना काय वाटतं, तेही नोंदलेलं आहे. मे २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतं मोठ्या मॅगझिनच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरचे नियम कडक करण्याच्या बाजूने पडली.