सरपंच, डोंगल कुठे ठेवलंत?

निवडून आल्याबद्दल अभिनंदन! गुलाल धुऊन झाला असेल तर ऐका. डीजेवाल्याचे पैसे सवडीने द्या, पण गाव सुधारायचं म्हणून जी नवी कोरी वही आणलीत ती आधी पोरांच्या दप्तरात टाका. गावाचं काय करायचं ते वर ठरलेलं असतं. तुमच्याकडून फक्त डोंगल हवं आहे, म्हणजे संगणकाला लावायची ती डिजिटल सहीची कळ.

पूर्वी चेकवर सरपंचाची सही लागायची. ती घ्यायला ग्रामसेवक बांधापर्यंत यायचा, आणि तेवढ्यात सरपंच बैल थांबवून विचारायचा, ‘कशाचं बिल हाय हे?’ लोकशाहीचा हा खोळंबा आता मिटला. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून थेट ठेकेदाराच्या खात्यात जातात. तुमचं आणि ग्रामसेवकाचं डोंगल लागलं की काम फत्ते. (ग्रामसेवकाला २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचं. पद मोठं झालं, पण एकेकाच्या गळ्यात दोन-तीन गावं आहेत ती आहेतच.) तेव्हा डोंगल खिशात घेऊन मिरवू नका. ते संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये टाका, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवा आणि निर्धास्त पंगतीला बसा.

अधिकारांची काळजी करू नका. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू आहे आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी तब्बल २९ विषय आहेत. ती यादी फ्रेम करून खुर्चीमागे लावा, शोभून दिसते. मात्र हे विषय द्यायचे की नाहीत आणि किती द्यायचे, हे राज्याने ठरवायचं आहे, आणि राज्य घाईत निर्णय घेत नाही. शाळेत मास्तर नाही म्हणून कुणी ओरडत आलं तर शांतपणे सांगा : शिक्षण आपला विषय आहे, मास्तर जिल्हा परिषदेचा आहे. दवाखान्याचं आणि पाझर तलावाचंही असंच सांगायचं.

पैशाचंही डोकं लावायला नको. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. उरलेले ४० टक्के ‘अबंधित’, म्हणजे त्यात तुम्ही पेव्हर ब्लॉक बसवायचे. कुठे बसवायचे, एवढं स्वातंत्र्य तुम्हाला आहे. मागच्या वर्षी बसवलेल्या जागीही चालतात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा करायला शिवारफेरी काढून चपला झिजवणारे सरपंच अजून आहेत म्हणतात. तुम्ही जुनी फाइल उघडा, साल बदला, हायमास्ट दोनाचे तीन करा.

आता ग्रामसभा. ती टाळता येत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा रूढ. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जी संख्या कमी असेल ती लागते. पण घाबरू नका, गाव तुमच्या बाजूने आहे. झेंडावंदन झालं की बुंदी घेऊन माणसं पांगतात. सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग तुम्ही, शिपाई आणि पारावर झोपलेले दोन आजोबा मिळून गावाचं भवितव्य एकमताने मंजूर करू शकता. लोक का येत नाहीत असा प्रश्न मनात आला तर तो इतिवृत्तात लिहू नका.

एक राहिलंच. अभिनंदन तुमचं केलं खरं, पण २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे निवडून बहुधा वहिनी आल्या असतील. हरकत नाही. हार तुम्ही घाला, खुर्चीत तुम्ही बसा, फोनवर ‘सरपंच बोलतोय’ म्हणा. डोंगल वहिनींच्या नावाचं असलं तरी ते आवाज ओळखत नाही.

सरपंच थेट जनतेने निवडायचा की सदस्यांनी, यावर मात्र मत बनवू नका. २०१७ मध्ये थेट होता, २०२० मध्ये नव्हता, २०२२ मध्ये पुन्हा झाला. मुंबईत सरकार बदललं की गावातली लोकशाही कूस बदलते. निवडणुकीचा त्रासच नको म्हणून लिलावाचा मार्ग काही गावांनी शोधला होता. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत बोली लागल्याचं उघड झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. आयोगाला व्यवहार कळत नाही, दुसरं काय!

सर्वांत उत्तम भविष्य म्हणजे प्रशासक. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या वर्षानुवर्षं लोकप्रतिनिधींशिवाय चालल्या. टेंडरं निघत होती, बिलंही निघत होती. निवडून आलेली माणसं नेमकी कशाला लागतात, हे आता ग्रामपंचायतीलाही विचारता येईल.

अडचण एकच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभा भरवली आणि गावात विधवा प्रथा पाळायच्या नाहीत असा ठराव केला. त्याला ना कुठली योजना होती, ना लेखाशीर्ष, ना डोंगल. उलट राज्य सरकारलाच परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगावं लागलं की हेरवाडसारखं करा. गडचिरोलीतलं मेंढा लेखा हे गाव तर कधीपासून म्हणतंय, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. ही लागण बसल्या जागी पसरते.

तेव्हा पुढच्या सभेत एखादी बाई मागच्या रांगेतून उठून ‘मला एक ठराव मांडायचाय’ म्हणाली, तर गोंधळू नका. गोड आवाजात सांगा, ‘ताई, ऐनवेळच्या विषयात घेऊ.’ आणि लगेच आभारप्रदर्शन सुरू करा.