जागच्या जागी

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "रोज चालायचं." झालं, पुढचा पेशंट. रिपोर्टात ती तीन महिन्यांची सरासरी साखर असते ना, एचबीएवनसी, ती 6.1 आली होती. 5.7 च्या आत असलात तर तुम्ही सज्जन, 6.5 ला पोचलात की डायबेटीसवाले, म्हणजे मी दारात चपला काढून उभाच होतो, आतनं कुणी "या या" म्हणायचं तेवढं बाकी होतं.

आता साताऱ्यात राहून चालायला काय धाड भरलीय असं तुम्ही म्हणाल, बायकोही तेच म्हणाली. किल्ला घराच्या डोक्यावर. इथली हिल मॅरेथॉन 2012 पासून चालू आहे, यवतेश्वरचा घाट चढायला लोक बाहेरगावाहून पैसे भरून येतात आणि आम्ही त्या दिवशी रस्ते बंद म्हणून चिडचिड करत बाल्कनीत चहा पितो. याच जिल्ह्यातली ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरनं उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली. हवा आहे, डोंगर आहे, परंपरा आहे, फक्त मी नाही.

तरी गेलो हो मी अजिंक्यताऱ्यावर. सलग 11 दिवस, पहाटे साडेपाचला. पण पहाटे तिथं अर्धं गाव असतं आणि त्यातला प्रत्येक जण थांबवून विचारतो, "काय, डॉक्टरनी सांगितलं वाटतं?" म्हणजे या माणसाला स्वतःहून सुचलं असेल ही शक्यता कुणी धरतच नाही. बरं उतरल्यावर चहा हा नियम, चहाबरोबर क्रीमरोल हा पोटनियम आणि रविवारी मिसळ कारण आठवडाभर चाललोय. 11 दिवसांनी वजन केलं, 700 ग्रॅम वाढलं होतं. बाराव्या दिवशी पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस पडत नाही, राहायला येतो, बॅगा घेऊन. किल्ला धुक्यात दिसेनासा होतो आणि जो दिसतच नाही त्यावर माणसानं चढायचं तरी कुठनं.

अशात पुण्याला मावसभावाकडं जाणं झालं आणि तिथं ती दिसली. घरात बसून मारायची व्यायामाची सायकल, काळीभोर, हॉलच्या कोपऱ्यात, पुढं स्क्रीन. मावसभाऊ खुर्चीत बसल्यासारखा पाय मारत होता आणि स्क्रीनवर स्वित्झर्लंडचा रस्ता पळत होता, गाई बिई सगळं. मी पाच मिनिटं बसून बघितलं. गुडघा दुखला नाही, कुत्रं मागं लागलं नाही आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कुणी भेटलं नाही. किंमत विचारली तर म्हणाला 68 हजार, तेही इतक्या सहज की जणू कोथिंबिरीची जुडी सांगतोय.

तिथनं माझं वाटोळं सुरू झालं.

पुढचे अडीच महिने मी व्यायामाचा अभ्यास केला. व्यायाम नाही, अभ्यास. रात्री साडेअकरापर्यंत पलंगावर आडवं पडून व्हिडिओ बघायचे. आता मला फ्लायव्हील म्हणजे काय ते झोपेतनं उठवून विचारा. ते पुढचं जड चाक, ते जितकं जड तितकं पेडल गुळगुळीत फिरतं म्हणे. मग चेनवाली का बेल्टवाली, तर बेल्टवाली कारण आवाज करत नाही आणि तेल मागत नाही. मग पेडल जड करायला स्वस्तातल्यात चाकावर फेल्टचा पॅड घासतो आणि झिजतो, महागातल्यात लोहचुंबक चाकाजवळ येतं, कुठं टेकतही नाही आणि तरी चाक जड होतं, तो एडी करंटचा, म्हणजे चुंबकानं चाकात उठवलेल्या विजेच्या भोवऱ्यांचा खेळ. बारावीला मी जो ऑप्शनला टाकला होता तो एडी करंट 28 वर्षांनी असा गाठून भेटला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळ्यांना समजावून सांगायचो, हातात दुसरी चपाती घेऊन.

या स्क्रीनवाल्या प्रकरणाचं मूळ अमेरिकेत आहे. पेलोटन नावाची कंपनी 2012 ला निघाली, सुरुवातीला सायकल 2,000 डॉलरच्या घरात आणि वर स्क्रीनवरचे क्लास बघायला महिन्याला वेगळे पैसे, 2022 ला त्यांनी ते 44 डॉलर केले, म्हणजे तेव्हाचे तीन-साडेतीन हजार. सायकल आपली, घर आपलं, पाय आपले, घाम आपला, आणि समोरच्या बाईनं "शाब्बास" म्हणायचे साडेतीन हजार. हे मी घरात सांगितलं तर आई म्हणाली, "मी म्हणते की रोज, फुकट. ऊठ."

आईचा मूळ आक्षेप वेगळाच होता. फोटो तिनं मोबाईल लांब धरून, जवळ धरून बघितला आणि विचारलं, "दुसरं चाक कुठाय?"

"एकच असतं गं."

"आणि जाती कुठं?"

"कुठं नाही. जागच्या जागी."

"आरं मग तिला सायकल कशाला म्हणायचं, जातं म्हण की. तुझी आज्जी रोज पाच शेर दळायची, तिला न्हाई कुणी स्क्रीन लावला."

बायको गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळं आमच्याकडं भांडणं होत नाहीत, उदाहरणं सोडवली जातात. तिनं जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलं, 68,000 भागिले 365, रोज बसलात तर पहिल्या वर्षी दिवसाला 186 रुपये. मी म्हटलं बघ, काहीच नाही. ती म्हणाली थांबा, आता योगा मॅटच्या हिशोबानं करू. योगा मॅट मी नऊ वेळा वापरली होती. 68,000 भागिले नऊ, एका वेळेला साडेसात हजार. पुढं तिनं नुसतीच पेन्सिल खाली ठेवली. दोरीवरच्या उड्यांची दोरी सध्या रद्दी बांधायला असते आणि पाच-पाच किलोचे दोन डंबेल्स उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांचं धोतर वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर ठेवतात, राहिलेल्या दोन कोपऱ्यांवर दगड आणि आई दरवर्षी न चुकता म्हणते की दगड बरे, गडगडत नाहीत.

लेकीनं मधेच विचारलं, बाबा पेडल मारून लाईट तयार नाही का करता येणार, म्हणजे बिल तरी कमी येईल. मला ही आयडिया एकदम पटली. पण ही घरात गणिताची बाई. म्हणाली, तुमच्यासारखा माणूस फार तर 100 वॅट काढेल, 100 वॅटनं 10 तास म्हणजे एक युनिट, रोज अर्धा तास बसलात तर 20 दिवसांनी एक युनिट. वीस दिवस घाम गाळून किती, तर आठ-दहा रुपयांची वीज. आणि त्या अर्ध्या तासात जळणार किती, तर 180 च्या आसपास कॅलरी, त्यात एक वडापावसुद्धा फिटत नाही. मला वाईट वडापावचं नाही वाटलं, "तुमच्यासारखा माणूस"चं वाटलं.

तरी मी जिद्द सोडली नाही. मशीनला चार फूट बाय दोन फूट जागा लागते, तर मी पेपरची दोन मोठी पानं जोडून, कापून हॉलमध्ये खिडकीखाली फरशीला चिकटपट्टीनं चिकटवली, म्हणजे अंदाज येतो, मला एका व्हिडिओत सांगितलं होतं. आठवड्याभरात घरातलं प्रत्येक माणूस त्या पेपराला वळसा घालून जायला लागलं. कामाच्या मावशी फरशी पुसताना तेवढं सोडून पुसायच्या. एकदा शेजारचे काका आले आणि त्यावर उभे राहिले तर लेक ओरडली, "काका, सायकलवर उभे आहात तुम्ही!" ते दचकून बाजूला झाले आणि खाली बघत बसले.

नवी परवडत नाही म्हटल्यावर जुनी बघावी हे ओघानं आलंच. जुन्याच्या जाहिराती वाचणं हा एक वेगळाच आनंद आहे. सगळ्या सायकली फक्त दोन महिने वापरलेल्या असतात आणि सगळ्या जागेअभावी विकायच्या असतात. म्हणजे आणली तेव्हा घर मोठं होतं, मग हळूहळू आटलं. कंटाळ्यापायी विकणे आहे असं कुणी मर्दासारखं लिहीत नाही.

अशीच एक कराडला निघाली, नवी 52 हजारांची, 24 ला द्यायची. रविवारी गाडी काढली. बायको म्हणाली मी येते, व्यवहार तुमच्यावर सोडायचा नाही. लेक म्हणाली मी येते. आई म्हणाली मलाबी बघू दे ते जातं. असे आम्ही चौघं भर पावसात हायवेनं कराडला गेलो. जाताना मला उगाच अपराधी वाटत होतं, कारण कराडला लागून गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीला जाऊन कुस्तीत ब्राँझ आणलं त्यांनी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या मातीत आम्ही चाललो होतो जागेवरनं न हलणारी सायकल आणायला.

गृहस्थ फार सज्जन निघाले. चहा ठेवायला सांगितला आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलं. सायकल मला आधी दिसलीच नाही. दिसली ती एक गोधडी, तिच्यावर दुसरी गोधडी, हँडलच्या एका शिंगाला टॉवेल, दुसऱ्याला शाळेचा मोजा, एकच. पेडलवर एक पंचा. त्यांनी हे सगळं उचलून पलंगावर टाकलं तेव्हा खालनं यंत्र निघालं, एकदम नवंकोरं, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अर्धंच फाटलेलं. मी अडीच महिन्यांचा विद्वान, टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतो का बघितलं, होत होता, खुंटी फिरवून जड-हलकं करून बघितलं, कुठं घासल्याचा आवाज नाही. मग स्क्रीनचं बटण दाबलं तर तिच्यावर आतापर्यंतचे एकूण किलोमीटर आले. 41.

"कधी घेतली म्हणालात?"

"दोन वर्षं होतील दिवाळीला," ते फरशीकडं बघत म्हणाले.

बायकोचे ओठ हलताना मला दिसले, ती मनात भागाकार करत होती. गाडीत बसल्यावर उत्तर सांगितलं, किलोमीटरला 1,268 रुपये, एवढ्यात अख्खी शेअरची वडाप जीप सांगून माणूस कुठल्या कुठं जाऊन आला असता. पण मला तिथं उभ्या उभ्या वेगळंच सुचलं. कराड-सातारा 50 किलोमीटरच्या वर. म्हणजे ही सायकल दोन वर्षांपूर्वी कराडहून निघाली, उंब्रज मागं टाकलं, आता नागठाण्याच्या पुढं कुठंतरी असेल, सातारा यायचा आहे अजून. मी तिला अर्ध्या रस्त्यातनं उचलून न्यायला आलो होतो.

तोवर आमची आई आणि त्यांच्या आई पलंगावर बसून माहेरापर्यंत पोचल्या होत्या. मसूरचं कुणीतरी दोघींच्या नात्यात निघालं. मी म्हटलं 20 ला देताय का बोला, गृहस्थ म्हणाले 22, मी म्हटलं 21, आणि ते हो म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या आई म्हणाल्या, "द्यायची न्हाई."

"अगं आई, पडूनच आहे ना ती."

"पडून कुठं? या पावसात दोन गोधड्या, चार पंचे आणि पोरांची दप्तरं वाळत्यात तिच्यावर रोज. तू बसत न्हाईस म्हणून काय कुणीच वापरत न्हाई व्हय?"

ते खजील. आम्ही खजील. आमची आई मात्र उठली, सायकलीजवळ गेली, हँडल दोन्ही हातांनी हलवून बघितलं, एक ओली गोधडी उचलून परत तिच्यावर टाकली, नीट पसरली, मागं होऊन बघितलं. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "चांगली हाय की रं. आधी का न्हाई सांगितलंस?"

येताना त्या बाईंनी आईला घरच्या शेंगा दिल्या, पिशवीभर. व्यवहार काही झाला नाही. मंगळवारी त्या गृहस्थांचा फोन, आईला समजावतोय, 18 ला नेता का. शुक्रवारी परत फोन, 16. तिकडं पुण्याच्या दुकानातला पोरगा दर शनिवारी सांगतो की सर ऑफर उद्या संपतेय, गेले सात शनिवार ती उद्याच संपतेय. बायकोनं भागाकार थांबवलाय, कारण आता आईच म्हणायला लागलीय की घे, स्टँडपेक्षा मजबूत असती. आणि मला कळेना की ज्या कारणासाठी आई हो म्हणतेय त्या कारणानं घेतली तर मी बसणार कधी, गोधड्या वाळल्यावर? साताऱ्यात? ऑक्टोबर उजाडेल.

परवा रात्री मी चिडून तो हॉलमधला पेपर काढायला वाकलो, म्हटलं आता विषयच नको. तर त्यावर आईनं कराडच्या शेंगा फोडून दाणे पसरले होते, दमटपणा जावा म्हणून, वर फुल्ल फॅन. मी पेपराचं टोक उचललं तशी आतनं लेक ओरडली, "बाबा, थांबा! आज्जीचे दाणे सायकलवर आहेत."

मी टोक परत खाली सोडलं. वाकलोच होतो तर मूठभर खाल्ले.