चीक, वासरू आणि ‘इतक्या वर्षांत एकच स्ट्रक्चर?’ : डॉक्टरसाहेबांना उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब. प्रतिकारशक्तीतल्या प्रोटीनची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञ पामेला बियॉर्कमन यांच्या संशोधनावरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिली, दोन ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून सवडीनं लिहितोय. तुमचं म्हणणं असं की एक तर वासराच्या आतड्याबद्दल मी साफ चुकीचं लिहिलं, आणि दुसरं, एवढी वर्षं घालवून ज्या बाईंनी एकच स्ट्रक्चर, म्हणजे एका प्रोटीनची त्रिमिती रचना, काढलं त्यांचं एवढं कौतुक कशाला, तेवढ्या काळात आपल्याकडं लोक पंधरा-वीस पेपर टाकतात.

पहिलं शंभर टक्के मान्य. मी लिहिलं होतं की चिकातल्या अँटिबॉडी वासराच्या रक्तात एफसीआरएन नावाचा रिसेप्टर (ठराविक रेणू धरणारं पेशीचं प्रोटीन) नेतो. ती गोष्ट उंदराच्या पिल्लाची. त्याच्या आतड्यात पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, ६ च्या आसपास असतो, तिथं रिसेप्टर आयजीजीला, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीला, धरतो आणि पलीकडं रक्ताच्या बाजूला ७.४ ला सोडून देतो, आणि ही धर-सोड नेमकी कशी होते ते बियॉर्कमन यांच्या लॅबनं स्ट्रक्चर काढून दाखवलं. माणसाच्या लेकराला पोटात असतानाच वारेतून आयजीजी मिळतं, त्यातही हाच रिसेप्टर. गाईची वार मात्र अँटिबॉडी जाऊ देत नाही, वासरू जवळपास रिकाम्या हातानं जन्मतं आणि पहिल्या दिवशी त्याचं आतडं मोठाले प्रोटीन निवड न करता जसेच्या तसे आत घेतं, चोवीस तासाच्या आसपास ते बंद होतं. मी उंदराचं वासराला लावून मोकळा झालो. ही चूक छोटी नाही, कारण आमच्याकडं अजून वार पडल्याशिवाय वासराला पाजत नाहीत. आमच्या आखाड्यावर लहानपणी मी स्वतः चीक काढून ठेवलेला बघितलाय, खरवस व्हायचा त्याचा, आणि वासरू तिकडं खुंट्याला हंबरत असायचं. त्याचे मोलाचे तास तसेच जायचे.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही, डॉक्टरसाहेब, अजिबात नाही.

डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की टी सेल, म्हणजे बाधित पेशी हुडकणारी पांढरी पेशी, नुसता विषाणू ओळखत नाही, विषाणू आणि स्वतःचा एमएचसी, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं ओळखीचं प्रोटीन, दोन्ही मिळून ओळखतो. पण ते मिळून म्हणजे नेमकं कसं, दोन वेगळे रिसेप्टर की एकच, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. बियॉर्कमन हार्वर्डला डॉन वायलींच्या लॅबमध्ये, जॅक स्ट्रॉमिंजर यांच्यासोबत, एचएलए-ए२ चे, म्हणजे माणसातल्या एका एमएचसीचे, क्रिस्टल घेऊन बसल्या होत्या; तुम्ही म्हणता ते एकच स्ट्रक्चर ते हेच. पीएचडी १९८४ ला झाली तरी काम सोडलं नाही, आणि ऑक्टोबर १९८७ ला नेचरच्या एकाच अंकात दोन पेपर आले. रिझोल्यूशन, म्हणजे किती बारीक दिसतं ते, ३.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आजच्या मानानं धूसरच. पण दिसलं काय, तर खाली आठ पट्ट्यांची सपाट जमीन, वर दोन हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारख्या गुंडाळ्या, दोन बांधासारखे, आणि मधल्या सरीत काहीतरी पडलेलं ज्याचा प्रोटीनच्या स्वतःच्या साखळीशी मेळ बसत नव्हता. ते पेप्टाइड होतं! म्हणजे पेशी आतल्या प्रोटीनचा तुकडा त्या सरीत ठेवून बाहेर दाखवते आणि टी सेल दोन्ही एकदमच बघतो. ‘मिळून’ म्हणजे काय ते त्या चित्रात डोळ्यांना दिसलं. आज कॅन्सरच्या पेप्टाइड लसीचं डिझाइन करणारा माणूस पहिला विचार करतो तो त्या सरीत काय बसेल याचाच.

आता सांगा, हे पंधरा पेपरच्या शेजारी ठेवून कसं मोजायचं? मी एम.एस्सी. झाल्यावर पाहिलंय, सोबतची हुशार पोरं पैसे भरून कुठल्यातरी जर्नलात चार-चार पानं छापून आणायची, कारण फॉर्मवर रकाना भरायचा होता. त्यांच्यात अक्कल कमी नव्हती हो, एकाच प्रश्नावर सहा वर्षं बसायला पगार आणि वेळ कुणी दिला नाही. माझा राग त्या रकान्यावर आहे, म्हणून बियॉर्कमन यांच्यावर लिहिलं.

लेखातलं ते वाक्य आजच बदललंय, खाली तुमच्यामुळं दुरुस्ती केली असंही लिहिलंय. एक मदत करा, वार पडायच्या आधी चीक पाजायला तुम्ही गावातल्या लोकांना कसं पटवता ते जरूर लिहा. आमची देवणी दोन महिन्यात व्यायला येतेय, आणि घरात अजून आजीचाच शब्द चालतो.