गार्ड काढून सात इंची व्हील? जिवाशी खेळ आहे

शेताच्या कुंपणाची, ट्रॉलीच्या दुरुस्तीची कामं निघाली की यवतमाळ-वर्धेकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो : ‘लोखंड कापायच्या चार इंची ग्राइंडरचा गार्ड (व्हीलवरचं झाकण) काढून सात इंची व्हील बसवा, मोठं मशीन घ्यायची गरज नाही. व्हील जाडच घ्या, तेच टिकतं. व्हीलवरची मुदतीची तारीख हा कंपन्यांचा धंदा.’ तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिला तर जीव घेईल.

चार इंची मशीन रिकामं फिरताना मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं. सात इंची व्हीलवर मर्यादा छापलेली असते 8,500 च्या आसपास. हे 180 मिमीचं व्हील 11,000 वर फिरलं तर त्याची कड सेकंदाला 104 मीटर धावते. ते बनवलेलं असतं 80 मीटरसाठी. व्हीलला फाडणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग 30 टक्के जास्त झाला की ताण जवळजवळ 70 टक्के वाढला. त्यात चार इंचीचं भोक 16 मिमी, सात इंचीचं 22.23. मधली फट पत्र्याची पट्टी गुंडाळून भरतात, मग व्हील केंद्रावर बसत नाही, थरथरत फिरतं. ते फुटलं तर तुकडे अडवायला गार्डच असतो, आणि तोच काढलेला. समोर कापणाऱ्याचा गळा. भाऊ, अडचणीच्या जागी गार्ड ढिला करून फिरवून घ्या, पण काढू नका. व्हीलवरचा आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्तच हवा.

जाड व्हीलचं म्हणाल तर ते जितकं जाड तितकं जास्त लोखंड भुसा करतं. पाइप, अँगल, पत्रा कापायला 1 ते 1.2 मिमीचं पुरतं. शेतात लांब वायरीवर व्होल्टेज पडलेलं असतं; तिथं जाड व्हील दाबलं की मशीन गुरगुरतं आणि मोटरचं वाइंडिंग तापतं. बारीक व्हील लवकर फुटतं, ही तक्रार मात्र खरी आहे. पण ते फुटतं तिरपं दाबल्यानं. पाइप शिकंजात आवळा, काप सरळ घ्या. वेल्ड घासायला 6 मिमीचं ग्राइंडिंग व्हील वेगळं मिळतं, कटिंग व्हीलच्या बाजूनं घासू नका.

आता तारीख. बऱ्याच व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर ती ठोकलेली असते. दाणे धरून ठेवणारं रेझिन ओल्या हवेत कमजोर होतं, म्हणून हातातल्या मशीनच्या अशा व्हीलला युरोपातल्या मानकानं बनवल्यापासून 3 वर्षांची मुदत घातली आहे. आपल्याकडे तर व्हील टिनाच्या शेडमध्ये, युरियाच्या पोत्यांशेजारी अख्खा पावसाळा काढतं. टिचकी मारून आवाजावरून ते पारखता येतं असंही सांगतात. ती परीक्षा बेंच ग्राइंडरच्या जाड दगडाची. जाळी घातलेलं बारीक व्हील चांगलं असलं तरी बदच वाजतं.

मेसेजमध्ये काही गोष्टी नाहीतच. ठिणग्या कुटाराच्या किंवा वेचलेल्या कापसाच्या ढिगाकडे जाऊ देऊ नका. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. नवं व्हील आधी मिनिटभर आडोशाला रिकामं फिरवा. आणि कापताना लाइन गेली तर पहिले स्विच बंद करा. स्विच लॉक राहिलेलं मशीन लाइन आली की जमिनीवर पडल्या जागी सुरू होतं.