आधी हातातलं संपवा, मग नवीन उचला

आमच्या टीमने काही वर्षांत काम आखायच्या तीन पद्धती बदलल्या. आधी गँट चार्ट (तारखांच्या पट्ट्यांवर मांडलेलं वेळापत्रक), मग स्क्रम (छोट्या ठरावीक टप्प्यांत काम), मग त्याच्यावर ओकेआर (उद्दिष्टं आणि ती मोजायचे निकाल). दर वेळी नवं ट्रेनिंग, नवं टूल. कामं मात्र तशीच रखडायची आणि दोष पद्धतीच्या माथी जायचा.

एका गुरुवारी स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, संपल्यावर मी कामाच्या बोर्डासमोर थांबून 'इन प्रोग्रेस' या सुरू असलेल्या कामांच्या रकान्यातली तिकिटं, म्हणजे एकेका कामाची कार्डं, मोजली. माणसं सात, तिकिटं तेवीस. एकावर माझंच नाव होतं, सुरू केल्याची तारीख साडेतीन महिन्यांपूर्वीची. ते काम थांबवायचं असं कुणीच ठरवलं नव्हतं. मध्येच एक अर्जंट काम आलं, त्याच्यामागून दुसरं आलं आणि हे तसंच राहून गेलं.

जॉन लिटल यांचा १९६१ सालचा एक सिद्धान्त आहे, गणित अगदी सोपं. हातात असलेली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा वेळ. आमची आठवड्याला पाच तिकिटं व्हायची. तेवीस भागिले पाच, म्हणजे साडेचार आठवड्यांहून जास्त! आणि आम्ही प्रत्येकाला दोन आठवड्यांचा शब्द देत होतो. लोक रात्री उशिरापर्यंत बसत होते, तरी शब्द पाळला जात नव्हता. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. मेहनत करणाऱ्या माणसांना आपण आळशी ठरवत होतो.

टोयोटात तिथले इंजिनिअर ताइइची ओनो यांनी कानबान, म्हणजे कार्डांवरून काम चालवायची पद्धत, रुजवली तेव्हा ते कार्ड म्हणजे परवानगी होती. पुढच्या टप्प्यावरून कार्ड आलं तरच मागच्याने माल बनवायचा, नाहीतर थांबायचं. आपण कार्डं घेतली, रंगीत रकाने घेतले आणि ते थांबणं तेवढं सोडून दिलं. स्क्रमचंही तेच. स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेच्या, स्क्रम गाइडच्या, २०२०च्या आवृत्तीतून रोजच्या बैठकीचे 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न काढून टाकलेत, तरी असंख्य टीम्स रोज सकाळी तीच हजेरी घेतात.

आम्ही मर्यादा घातली, एका वेळी हातात फक्त दहा तिकिटं. पहिले दोन आठवडे फार जड गेले. एकाचं काम झालं की त्याचा हात आपोआप नव्या तिकिटाकडे जायचा. नियम असा की नवीन घ्यायचं नाही, आधी कुठे अडलंय ते बघायचं. अडलेलं होतं टेस्टिंगमध्ये. तेवीसपैकी आठ तिकिटं एकाच मुलीच्या टेबलावर पडून होती. ती कित्येक महिने एकटी ते ओझं वाहत होती आणि आम्ही मागून भर घालत होतो. मग डेव्हलपर तिच्या शेजारी बसून टेस्टिंग करू लागले.

वरच्यांना नाही म्हणणं त्याहून अवघड. आम्ही नाही म्हणणं सोडून दिलं, नवीन काम घेऊन कुणी आलं की त्यांना बोर्डापाशी न्यायचं आणि विचारायचं, "या दहातलं कुठलं काढू?" आमचे एक सर तिथे बराच वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी स्वतःचंच आधीचं एक तिकीट काढून बाजूला ठेवलं.

तिमाही नियोजनाचा आजारही हाच आहे. ओकेआरची पद्धत अँडी ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये घडवली आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९मध्ये ती गूगलमध्ये नेली. आमच्या पहिल्या कागदावर नऊ उद्दिष्टं होती आणि प्रत्येकाखाली तीन निकाल. सात माणसांनी तेरा आठवड्यांत सत्तावीस गोष्टी करायच्या! काय करायचं नाही, याची त्यात एक ओळ नव्हती. आता कुठलाही प्लॅन हातात आला की मी आधी तीच ओळ शोधते. सापडली नाही तर माझ्या लेखी तो प्लॅन अजून झालेला नसतो.

या तिमाहीच्या कागदावर उद्दिष्टं तीन आहेत. खाली 'या वेळी करणार नाही' अशा शीर्षकाखाली सहा ओळी आहेत. त्यातली दोन कामं माझ्या फार जिव्हाळ्याची होती. त्या दोन ओळी मीच लिहिल्या.