बोंजूर घ्या, बोंजूर द्या

फ्रान्समधली माणसं उद्धट असतात, असं सांगणारा पाहुणा भेटला की मी ओळखतो: हा बेकरीत शिरून थेट ‘दोन बगेत द्या’ म्हणालेला आहे. काउंटरपलीकडची बाई अशा वेळी पावाला हातही लावत नाही. त्याच्या डोळ्यांत बघत, एकेक अक्षर सुटं करून ती म्हणते, “बों-जूर.” म्हणजे आपला नमस्कार. आवाज गोड, पण सूर ‘घरच्यांनी काही वळण लावलंय की नाही?’ असा.

नीसमधल्या एका कॅफेनं 2013 साली याचं दरपत्रकच लावलं होतं. नुसतं ‘एक कॉफी’ म्हणाल तर 7 युरो, ‘प्लीज’ जोडलंत तर सव्वाचार, आणि आधी बोंजूर म्हणून मग ‘प्लीज’ म्हणालात तर 1 युरो 40 सेंट. होती गंमतच, पण फ्रेंच लोक त्यावर हसले कमी आणि माना जास्त डोलावल्या.

आमचे मामा दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएला माझ्याकडे राहायला आले आणि या दरपत्रकाची खरी परीक्षा झाली. मामांची हयात सांगलीच्या गणपती पेठेत गेली. तिथं दुकानाची पायरी चढता चढता ‘अर्धा किलो शाबू’ म्हणायचं असतं. रोजच्या दुकानदाराला हात जोडून नमस्कार केला, तर तो आधी उधारीची वही लपवेल.

“आरं, पाव घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?” हा मामांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न. पण गडी हुशार. दोन दिवसांत बसच्या ड्रायव्हरपासून लिफ्टमधल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना बोंजूर सुरू झालं. खरी पंचाईत पुढेच होती.

इथं डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरणारा प्रत्येक जण अख्ख्या खोलीला बोंजूर म्हणतो. बसलेले मासिकातून डोकं वर काढून पुटपुटतात आणि पुन्हा मासिकात शिरतात. मामांना वाटलं, चला, ओळख झाली. ते शेजारच्या बाईंकडे वळून मला म्हणाले, “विचार की, काय होतंय त्यांना?” आपल्याकडे बोलायला सुरुवात करायची म्हणून नमस्कार, इथं नमस्कार झाला की बोलण्याचं काम संपलं. ‘सा वा?’ म्हणजे कसं काय, याला उत्तर ‘सा वा’ एवढंच. मामा मात्र उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि डाव्या गुडघ्याचा इतिहास सांगायला सज्ज. दुभाषा मी. मी सगळ्याचं भाषांतर ‘सा वा’ असं करायचो.

बरं, बोंजूर म्हणायचं तेही मोजून. एकाच माणसाला दिवसात दुसऱ्यांदा म्हटलंत तर सकाळची भेट तुम्ही विसरलात, असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे ऑफिसात कॉफी मशीनपाशी उभं राहून आज कोणाकोणाचं झालंय, याची मनात हजेरी घ्यावी लागते. संध्याकाळी बोंस्वार सुरू. ते नेमकं किती वाजता, हे कोणी सांगत नाही. तुम्ही बोंजूर म्हटल्यावर समोरचा बोंस्वार म्हणाला की समजायचं, वेळ टळली.

आणि गालाला गाल लावण्याची ती बिझ! पॅरिसमध्ये साधारण दोन, आमच्या माँपेलिएत तीन, नाँतकडे गेलात तर चारही. आधी कुठला गाल पुढे करायचा, हेही प्रांतागणिक बदलतं. पॅरिसची व्यक्ती दोनात थांबते आणि माँपेलिएची तिसरीसाठी हवेत झुकलेली राहते. 2020 मध्ये करोनानं हा प्रकार बंद पाडला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला असावा. मी तरी सोडला. आता तो परत आलाय, पण अर्धवट. दोन माणसं समोरासमोर येतात, एक हात पुढे करतो, दुसरा गाल. मामांनी यावर रामबाण उपाय काढला: लांबूनच हात जोडायचे. गालही सुरक्षित, चष्माही.

सगळ्यात लांबतं ते नवं वर्ष. जानेवारीत ज्याची पहिल्यांदा भेट होईल, त्याला ‘बोन आने’ म्हणायचं, आणि ही मुदत चालते 31 तारखेपर्यंत. मामांना यात काहीच वावगं वाटलं नाही. “आपण न्हाई का रथसप्तमीपतूर तिळगूळ वाटत?” म्हणाले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी यादी केली: बेकरीवाली, पोस्टमन, केमिस्ट. आज 30 जानेवारी. यादीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या राहिल्यात, आणि मामा तासाभरापासून लिफ्टपाशी दबा धरून बसलेत.