भाकरीसाठी बाटले? दुष्काळातल्या ख्रिस्ती विश्वासावरच्या आरोपाला उत्तर

नाताळ जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. महाराष्ट्रातले ख्रिस्ती म्हणजे दुष्काळात भाकरीसाठी बाटलेले लोक. मिशनऱ्यांनी धान्याच्या बदल्यात धर्म घेतला. पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली उचलून नेल्या. आणि पोटासाठी धरलेला विश्वास पोट भरले की संपतो. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली (चर्चमधली) बरीच माणसे हे वाचतात आणि वाद नको म्हणून गप्प राहतात. मला गप्प राहणे पटत नाही.

आधी भाकरीचा मुद्दा. १८७६-७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटी लागोपाठ आलेले दोन दुष्काळ यांच्यानंतर अहमदनगर भागातल्या मंडळ्या वाढल्या, हे खरे आहे. पण उपाशी माणूस दोन घासांसाठी काहीही सोडतो, हे या मजकुराचे गृहीतक त्याच दुष्काळाने खोटे ठरवले आहे. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला जेमतेम पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने त्यांची बाजू लावून धरली. पोटात अन्न नसतानाही अपमानाला नाही म्हणणारी ही माणसे. त्यांच्यातला कुणी ख्रिस्ती झाला की तेवढ्यापुरता तो लाचार कसा ठरतो?

शिवाय नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. महार-मांगांच्या मुलांना शाळेत घेणारी आणि त्यांच्या घरी जाऊन बसणारी माणसे तिथल्या लोकांनी दुष्काळाच्या कितीतरी आधी पाहिली होती. आणि ख्रिस्ती होण्यात फायदाच असता, तर १८५० चा एकविसावा कायदा करावाच लागला नसता. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, यासाठी तो कायदा होता. म्हणजे धर्मांतराची किंमत घरादाराने मोजावी लागत होती.

दुसरा आरोप अटीचा : धान्य हवे तर बाप्तिस्मा घ्या. सगळ्याच मिशनऱ्यांनी सारखीच काळजी घेतली असे मी म्हणणार नाही. पण सर्वांत जास्त बोट दाखवले जाते ते आंध्रातल्या ओंगोलकडे, आणि तिथली हकीकत उलटी आहे. जॉन क्लॉ या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांचे कंत्राट घेऊन दुष्काळग्रस्तांना, मुख्यतः मादिगा या दलित जातीतल्या लोकांना, काम दिले. मदत चालू असेपर्यंत त्याने बाप्तिस्मे थांबवून ठेवले होते. काम आणि धान्य बंद झाल्यावर लोक पुन्हा आले, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. यात कृतज्ञता नव्हती असे कोण म्हणेल? संकटात जो पाठीशी उभा राहिला त्याचा देव कोणता, हे माणसाने विचारले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

हा आरोप आमच्या शास्त्रातही आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव येशूला शोधत येतो, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही पोट भरले म्हणून आलात. त्याच अध्यायाच्या अखेरीस पुष्कळ शिष्य सोडून जातात. तो त्यांना अडवत नाही.

अट न घालता केलेल्या मदतीचे नगरमधलेच नंतरचे उदाहरण फादर हर्मन बाखर यांचे. या स्विस येशूसंघीयाने (जेझुइट धर्मगुरूने) नगर जिल्ह्यात पाण्याची आणि पुढे पाणलोट विकासाची कामे उभी केली. ज्यांच्या शेतात पाणी आले ते शेतकरी होते त्याच धर्मात राहिले, आणि त्यांनी धर्म बदलावा म्हणून ते काम नव्हतेच.

आता रमाबाई. त्यांच्यावर बोलणाऱ्याने आधी १८७४ चे साल लक्षात घ्यावे. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील गेले, मागोमाग आई आणि बहीण. रानातली पाने खाऊन दिवस काढलेली ही मुलगी भाकरीसाठी ख्रिस्ती झाली नाही. भावासोबत पायी फिरत ती कलकत्त्याला पोचली आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये. तोवर देशभर नाव झाले होते आणि त्या पावलाने त्यातले पुष्कळसे गमावले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून त्या तीनशेच्या आसपास मुली आणि बायका केडगावला घेऊन आल्या. स्वतः ज्या भुकेतून वाचल्या, तिच्यातून इतरांना काढायला गेल्या. केडगावचे त्यांचे आश्रयस्थान, मुक्तिसदन, उघडपणे ख्रिस्ती होते, मुलींचे बाप्तिस्मे झाले, आणि अनाथ लेकराच्या संमतीचा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर देताना हेही सांगावे लागते की दुसरे दार बहुतेकींना उघडे नव्हते, आणि या दारात लिहिणे-वाचणे, छापखाना, शेती असे हाताला कामही मिळाले. कुणी रमाबाईंना इंग्रज सरकारच्या हस्तक म्हणेल, तर १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल झाले त्यावर वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिणाऱ्या त्याच होत्या.

शेवटचा आरोप : पोट भरले की विश्वास संपतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाकारल्या. १९५६ मध्ये शीखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. अल्पसंख्याकांसाठी सरकारने नेमलेल्या रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली, तरी ती अट आजही आहे. काही घरांनी कागदावर जुनी जात ठेवली आणि रविवारी उपासनेला येत राहिली. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण कितीतरी घरांनी दाखल्यावर ख्रिस्ती लिहिले आणि शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा यांवर पाणी सोडले. परत हिंदू झाले आणि जातीने स्वीकारले तर हक्क परत मिळू शकतात, असे न्यायालयांनी सांगितले आहे. तो रस्ता त्यांना माहीत आहे. दोन-तीन पिढ्या झाल्या, ती घरे त्या रस्त्याने गेलेली नाहीत.